जुन्या पिकअपचं छत: कापड चिकटवायला दोन तास, मग पैसे कशाचे घ्यायचे?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या पिकअपच्या केबिनचं रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं कापड, बदललं. व्हिडिओत काम दिसतं, पण मापं, क्रम आणि हिशोब वहीत उतरवून घ्यायला लिहिलेलंच बरं पडतं. म्हणून हा सविस्तर धडा. ज्यांना सीट कव्हर, कुशन, कार ॲक्सेसरीजचा धंदा सुरू करायचाय किंवा ज्यांचा आधीच आहे, त्यांनी शेवटचा हिशोब चुकवू नका.

आधी माझी एक फजिती सांगतो, कारण हा धडा त्यातूनच आलाय.

दुकान नवं होतं तेव्हा एक भाजीवाले काका त्यांची पिकअप घेऊन आले. छताचं कापड लोंबत होतं. फेब्रुवारी महिना होता. मी जुनं कापड ओढून काढलं, बोर्ड कोरड्या फडक्याने पुसला, हातात होतं ते साधं सोल्युशन ब्रशने लावलं आणि नवं कापड चिकटवलं. अर्ध्या दिवसात गाडी दिली. काका खूश, मी त्याहून खूश. मे महिन्यात काका परत आले. पहाटे माल घेऊन घाट उतरताना पुढचं कापड सुटून डोळ्यांसमोर आलं होतं. एका हाताने कापड वर धरून, एका हाताने स्टिअरिंग सांभाळत त्यांनी घाट उतरवला होता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, चार पैसे जास्त घेतले असते तरी चाललं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. काम फुकट परत करून दिलं, पण फुकट काम हा छोटा भाग होता. माझ्या घाईमुळे एका माणसाचा जीव घाटात टांगणीला लागला होता.

कापड लोंबतं का, हे आधी समजून घ्या

छताच्या कापडाला मागून पातळ फोम चिकटवलेला असतो. साधारण तीन मिलिमीटरचा. वर दिसतं ते विणलेलं कापड, मधे फोम, आणि फोमच्या मागे बोर्ड. बहुतेकांना वाटतं की गोंद सुटला म्हणून कापड लोंबलं. बऱ्याचदा गोंद जागेवरच असतो. ऊन आणि दमटपणा यांनी मधला फोमच कुजतो, त्याचा पिवळा भुगा होतो. म्हणजे बोर्डावर गोंद आहे, गोंदावर भुगा आहे, आणि भुग्यावर कापड लटकलंय.

हे एकदा कळलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, तेच जुनं कापड परत चिकटवून उपयोग नाही. टाचण्या मारणं म्हणजे चार दिवसांची मलमपट्टी. दोन, बोर्डावरचा भुगा निघाला नाही तर जगातला कितीही भारी गोंद आणा, तो बोर्डाला चिकटत नाही, भुग्याला चिकटतो.

ही पद्धत कोणत्या गाडीला चालते?

छताचे मोठे दोन प्रकार आहेत. जुन्या ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत शिवलेलं लायनिंग तारेच्या कमानींवर ताणून बसवलेलं असतं. ते शिलाईचं काम, त्याचा धडा वेगळा. दुसरा प्रकार बोर्डाचा: पुठ्ठा, हार्डबोर्ड किंवा साच्यातून काढलेला बोर्ड, आणि त्यावर चिकटवलेलं कापड. आजचा धडा फक्त दुसऱ्या प्रकाराचा आहे.

आपल्याकडे जुनी पिकअप म्हटलं की अनेकांना टाटामोबाईल आठवते. तेव्हाच्या टेल्कोने १९८८ साली २०६ हे मॉडेल आणलं. अशा वयाच्या गाड्यांचे आतापर्यंत तीन-चार मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने आत काहीतरी हात मारलेला असतो. व्हिडिओतल्या गाडीतही आधीच्या कुणीतरी हार्डबोर्डवर फोमचं कापड लावलेलं होतं. त्यामुळे "या मॉडेलला असंच असतं" असं गृहीत धरू नका. वाकून वर बघा, कडेने बोट घालून बघा, मग बोला.

शिकायला मात्र पिकअप उत्तम. एकच केबिन, छोटं छत, बोर्ड एका माणसाला आणि एका मदतनिसाला सहज झेपतो.

पायरी १: गाडी घेताना

गिऱ्हाईक समोर असतानाच मोबाईलवर फोटो काढा: छत, चारही कोपरे, दिवा, सन व्हायझर, आणि आधीच तुटलेलं जे काही असेल ते. बोर्डाचा कोपरा मुळातच तुटलेला असेल तर तो आत्ता दाखवा, नंतर दाखवलात तर तो तुम्हीच तोडलेला असतो.

छतावर पाण्याचे डाग आहेत का बघा. डाग असतील तर काचेच्या रबरातून किंवा छताच्या पन्हाळीच्या जोडातून पाणी येतंय. ती गळती आधी बंद झाली पाहिजे. गळक्या छताला नवं कापड लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

पायरी २: बोर्ड बाहेर काढणे

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण छतातल्या दिव्याच्या वायरी हाताळायच्या आहेत. मग दिवा, सन व्हायझर, आरसा, हँडल, खांबांवरच्या पट्ट्या आणि दरवाजाचं बिडिंग या क्रमाने मोकळं करा. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव. प्लास्टिकच्या जुन्या क्लिपा कडक झालेल्या असतात, दोन-चार तुटणारच. नव्या आधीच आणून ठेवा.

सीटचे बोल्ट खोलून सीट बाहेर काढा. "सीट राहू दे, वाकवून काढू" हा मोह होतो. इथेच बोर्ड मोडतो. आणि जुन्या गाडीचा बोर्ड दुकानात मागून मिळेल याची खात्री नसते. दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, तिरका करायचा, आणि न वाकवता दारातून बाहेर.

बोर्ड निघाल्यावर छताचा पत्रा उघडा पडतो. गंज असेल तर घासून प्रायमर मारा. उष्णता कमी करणारी शीट हवी असेल तर ती लावायची वेळ हीच, पण जाडी जपून. शीट जाड झाली तर बोर्ड जागेवर बसत नाही. हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे सांगा.

पायरी ३: भुगा काढणे (सगळा धंदा या पायरीत आहे)

बोर्ड दुकानाबाहेर, मोकळ्या हवेत न्या. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. कापड हळूहळू ओढून काढा, मग कडक नायलॉनच्या ब्रशने भुगा घासा. तारेचा ब्रश नको, तो पुठ्ठ्याचा पापुद्रा काढतो. पाणीही नको, पुठ्ठा फुगतो. घासा, झटका, परत घासा. कोपरे आणि खोलगट जागा यांत भुगा लपून बसतो.

झालं कधी समजायचं? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. चिकटपट्टीचा तुकडा घ्या, बोर्डावर दाबा आणि ओढा. पट्टीला पिवळी पूड आली तर अजून काम बाकी आहे. पट्टी स्वच्छ निघाली तर पुढे चला. अशा दहा ठिकाणी चाचण्या घ्या, कडांवर जास्त. माझ्या फेब्रुवारीच्या कामात ही दोन मिनिटांची चाचणी केली असती तर मे महिना सुखाचा गेला असता.

पायरी ४: बोर्डाची दुरुस्ती

तडा असेल तर मागच्या बाजूने फायबरचं कापड आणि रेझिन लावून जोड द्या. पुढून लावलं तर उंचवटा कापडातून दिसतो. स्क्रूची भोकं फाटून मोठी झाली असतील तर मागून पातळ पट्टी चिकटवा. बोर्ड पाण्याने पार कुजला असेल तर जुना फेकू नका. त्यालाच नमुना धरून तीन मिलिमीटरच्या हार्डबोर्डवर आखणी करा. दिव्याचं आणि व्हायझरचं एकेक भोक जुन्यावरून नव्यावर उतरवा.

पायरी ५: कापड आणि गोंद

कापड फोम लावलेलंच घ्या. पडद्याचं किंवा साधं कापड स्वस्त मिळतं, पण त्यातून गोंदाचे डाग वर येतात आणि बोर्डाचा प्रत्येक खड्डा दिसतो. बोर्डाची सर्वांत जास्त लांबी-रुंदी मोजा आणि चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त धरा. कापड दोन्ही दिशांना ओढून बघा. ज्या दिशेने जास्त ताणतं ती दिशा बोर्डाच्या जास्त वळणाच्या बाजूला ठेवा.

गोंद निवडताना एकच प्रश्न विचारा: "उष्णता सहन करणारा आहे का?" विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या छताला हात लावून बघा, म्हणजे प्रश्न का विचारायचा ते कळेल. साधं सोल्युशन त्या उष्णतेत मऊ पडतं. गाड्यांच्या छतासाठी मिळणारा, जास्त तापमानाचा स्प्रे गोंद घ्या. सुरुवातीला कॅन चालेल. महिन्याला कामं वाढली की कॉम्प्रेसर आणि गन परवडते.

हे गोंद पेट घेतात. बिडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडर काहीही आसपास नको. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

पायरी ६: कापड लावणे

आधी गोंदाशिवाय कापड बोर्डावर पसरा, मधोमध आणा. मग अर्धं कापड मागे दुमडा. उघड्या पडलेल्या अर्ध्या बोर्डावर आणि दुमडलेल्या कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे, सारखा गोंद मारा. कडांपर्यंत मारा, कापड सुटायला सुरुवात कडेपासून होते.

आता थांबा. डब्यावर लिहिलेला वेळ बघा आणि बोटाने तपासा. बोट चिकटलं पाहिजे, पण बोटावर गोंद येता कामा नये. ओला असताना चिकटवलात तर गोंद फोममधून वर येतो आणि कापडावर डाग पडतो. जास्त वाळला तर धरत नाही. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. गोंद वाळताना गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. अशी पकड कच्ची राहते. मुसळधार पाऊस चालू असेल तर गिऱ्हाइकाला सांगा, "दादा, आज गोंद मारत नाही, कोरडी हवा मिळाली की मारतो." तो ऐकतो.

मधल्या रेषेपासून कडेकडे, तळहाताने, हलक्या दाबाने कापड बसवत जा. खोलगट जागा आली तर आधी कापड आत दाबा, मग पुढे सरका. वरून ताणून नेलंत तर खड्ड्यावर कापडाचा पूल तयार होतो, आणि पहिल्या उन्हात तो पूल सुटतो. एक अर्धा भाग झाला की दुसरा तसाच.

कडेला दीड इंच ठेवून जास्तीचं कापड कापा, मागे वळवा, मागेही गोंद लावून दाबा. कोपऱ्यात इंग्रजी व्हीसारखे काप द्या म्हणजे चुण्या जमत नाहीत. दिव्याच्या भोकावर फुलीसारखा काप देऊन चार पाकळ्या मागे चिकटवा. स्क्रूची भोकं कटरने कापू नका, आरीने टोचा. कटरची चीर पुढे फाटत जाते.

पायरी ७: बसवणे आणि ऊन दाखवणे

बोर्ड रात्रभर वाळू द्या. गोंदाचा वास येत असेल तोवर गाडीत चढवू नका. बसवताना हात धुऊन घ्या, फिक्या कापडावर ग्रीसचं बोट उठलं की सगळी मेहनत गेली. आधी दिवा आणि व्हायझरचे स्क्रू सैल लावा, बोर्ड जागेवर आला की कडेच्या पट्ट्या आणि बिडिंग, मग सगळे स्क्रू घट्ट.

आणि देण्याआधी गाडी एक दुपार बंद काचांनी उन्हात उभी करा. सुटायचं असेल तर ते तुमच्या अंगणात सुटू दे, घाटात नको.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून स्वतः करा.

वेळ: काढणे दीड तास, भुगा साफ करणे ३ तास, बोर्ड दुरुस्ती १ तास, कापड लावणे २ तास, परत बसवणे दीड तास. एकूण ९ तास. तासाला २०० रुपये धरले तर मजुरी १,८०० रुपये.

माल: कापड ८००, गोंद ६००, क्लिपा व किरकोळ २००. एकूण १,६०० रुपये.

दुकानाचं एका दिवसाचं भाडं, वीज वगैरे: ५०० रुपये.

बेरीज ३,९०० रुपये. न दिसणाऱ्या अडचणींसाठी १० टक्के, म्हणजे ३९०. झाले ४,२९०. त्यावर २० टक्के नफा, म्हणजे ८५८. एकूण ५,१४८, म्हणून दर ५,१५० रुपये.

आता शॉर्टकटचा हिशोब बघा. भुगा साफ करण्याचे ३ तास वाचवले, ६०० वाचले. स्वस्त गोंद वापरला, ३०० वाचले. खर्च ३,००० वर आला. शेजाऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून काम ३,५०० ला दिलं. वाटतं, ५०० सुटले. मे महिन्यात गाडी परत आली. आता सगळं नव्याने, नीट करायचं: ३,९०० खर्च, कमाई शून्य. एकूण खर्च ६,९००, मिळाले ३,५००. तोटा ३,४०० रुपये. यात त्या गिऱ्हाइकाने दहा जणांना काय सांगितलं, ते धरलेलंच नाही.

नऊ तासांत कापड लावायचे तास फक्त दोन आहेत, हे नीट बघा. गिऱ्हाइकाला तेवढेच दोन दिसतात. म्हणून तो विचारतो. आणि आपल्याला उत्तर देता येत नाही, म्हणून आपण दर पाडतो.

गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा

"काय भाऊ, नुसतं कापड चिकटवायला पाच हजार?"

"काका, चिकटवायचे थोडेच आहेत. इकडे या, दाखवतो." (कापडाची कड जरा ओढायची, खाली पडणारा पिवळा भुगा त्यांच्या तळहातावर घ्यायचा.) "हा भुगा राहिला तर नवं कापड यालाच चिकटणार. हा पूर्ण काढायला अर्धा दिवस जातो. पैसे त्याचे आहेत."

"समोरचा साडेतीन हजारांत करतो म्हणाला."

"करत असेल. त्याला एवढंच विचारा, बोर्ड बाहेर काढणार का, आणि लेखी गॅरंटी देणार का."

समोरच्याला नावं ठेवायची नाहीत. भुगा हातावर ठेवायचा, तोच तुमचा सेल्समन.

बिलावर दोन ओळी लिहा: कापड सुटल्यास एक वर्ष मोफत दुरुस्ती, पाणी गळून खराब झाल्यास लागू नाही. एक वर्ष म्हणजे एक उन्हाळा आणि एक पावसाळा. ते दोन्ही पार पडले तर काम पक्कं.

आणखी एक. पिकअप ही कमावती गाडी आहे. ती तुमच्या दारात उभी असते तेव्हा मालकाची रोजी बंद असते. दोन दिवस सांगा आणि दोन दिवसांतच द्या. कापड, गोंद, क्लिपा हातात आल्याशिवाय गाडी खोलूच नका. गाडी सोमवारी खोलायची आणि कापड बुधवारी आणायचं, हे गिऱ्हाईक कायमचं घालवायची सोपी पद्धत आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. भंगारवाल्याकडून कुठल्याही गाडीचा जुना छताचा बोर्ड आणा. पहिलं काम त्यावर करा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही.

२. भुगा काढायला तुम्हाला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजा आणि वहीत लिहा.

३. वरचा हिशोब तुमच्या गावच्या दरांनी मांडा.

४. तयार बोर्ड आठवडाभर उन्हात ठेवा. कुठे सुटला, का सुटला, लिहून काढा.

हे फक्त छताच्या कामापुरतं नाही. शिवणकाम असो, रंगकाम असो, केटरिंग असो, प्रत्येक धंद्यात न दिसणारी एक पायरी असते. कपडा शिवण्याआधी भिजवून घेणं, रंगाआधी भिंत घासणं, स्वयंपाकाआधी निवडणं. ती पायरी गिऱ्हाइकाला दाखवा, तिचे पैसे मागा, आणि पैसे घेतले की ती मन लावून करा.

ते भाजीवाले काका अजूनही गाडी माझ्याकडेच आणतात. गेल्या वेळी दर ऐकून एवढंच म्हणाले, "घे बाबा, पण भुगा काढ."

तुमच्या धंद्यातली न दिसणारी पायरी कोणती, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.